मदत हवी आहे: जीआय पाइपच्या वेल्डिंगचा धूर

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, तीन पोरं कामाला. मागच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीसाठी जीआय पाइपचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचं स्टँड केलं. दिवसभर वेल्डिंग, जॉइंटभोवती पांढरी कापसासारखी राख. रात्री त्या तिघांतल्या धाकट्याला हुडहुडी भरली, अंग मोडून आलं, तोंडाला लोखंडी चव. आम्हाला मलेरियाच वाटला. डॉक्टरांनी कामाचं विचारलं तेव्हा उलगडलं, जस्ताचा धूर. दीड दिवसात ताप उतरला, पण माझ्या जिवाला घोर लागला. त्याच्या आईला काय तोंड दाखवणार होतो?

जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची आर्क (ठिणगीचा झोत) तर त्याहून कितीतरी गरम. म्हणून आता जॉइंटच्या दोन्ही बाजूंचा दोन-अडीच इंचांपर्यंतचा जस्ताचा थर ग्राइंडरने काढूनच टाका मारतो. पाइपाच्या आतला थर मात्र निघत नाही, तिथूनच धूर येतो. दूध-गुळाने धूर बाधत नाही, असं जुने मिस्त्री सांगतात. मला ते पटत नाही; दूध पोटात जातं, धूर छातीत.

राजेहो, आतला थर तुम्ही कसा काढता? हेल्मेटखाली बसेल आणि आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही पोरं काढून फेकणार नाहीत, असा फिल्टरचा मास्क कोणता? रुमालाने हा धूर अडत नाही. धूर ओढणारा पंखा कुठे लावू? सीओटू मशीनवर (टाक्याभोवती गॅस सोडणारं वेल्डिंग मशीन) पंख्याच्या वाऱ्याने तो गॅस उडून टाक्यात भोकं पडतात. स्वतः वापरलेलंच सांगा, पुढचं काम सोमवारी आहे.