जुनी पुस्तकं घ्यायची तर काय बघून घ्यावीत?

रानवाट: नव्या पुस्तकाचा आनंद आहेच, पण हल्ली मन जुन्यांकडे जास्त ओढतं. कुणीतरी पेन्सिलीने अधोरेखित केलेली ओळ दिसली की मी तिथेच थांबते. याला किंवा हिला इथे काय सापडलं असेल, असा विचार सुरू होतो. कुठली पुस्तकं जुनी घ्यावीत, कुठली नकोत? हातात घेतल्यावर तुम्ही आधी काय बघता?

समास: कथा, कविता, चरित्रं, प्रवासवर्णनं बिनधास्त जुनी घ्या. कायदा, कर, औषधोपचार, संगणक यांवरची नकोत, त्यातली माहिती शिळी झालेली असते.
माझ्यासाठी मुख्य ओढ वेगळीच आहे. कितीतरी चांगल्या पुस्तकांची एकच आवृत्ती निघते आणि मग ती कधीच छापली जात नाहीत. जी पुन्हा छापली जातात त्यांतूनही काही वेळा मूळ प्रस्तावना, चित्रं, नकाशे, सूची गळतात. नाव तेच राहतं, पुस्तक मात्र तेवढं राहत नाही. म्हणून आधी शीर्षकाच्या पानामागचं छपाईच्या तपशिलांचं पान वाचा: आवृत्ती कितवी, साल कुठलं, ‘संक्षिप्त’ असं कुठे म्हटलंय का. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फक्त दहा अंकी असेल तर छपाई बहुधा २००७ च्या आधीची, कारण त्या वर्षापासून तो तेरा अंकी झाला. क्रमांकच नसेल तर शोधताना लेखक, प्रकाशक आणि साल तिन्ही द्या.

जुनीबांधणी: मी आधी पुस्तक मधोमध उघडून कण्याकडे बघतो. दोरा दिसला तर पुस्तक शिवलेलं आहे, कणा सैल झाला तरी पुन्हा बांधता येतो. नुसत्या गोंदावर असेल तर गोंद वाळून पानं सुटायला लागलीत का ते बघा. मग पृष्ठक्रमांक चाळा, विशेषतः पहिली आणि शेवटची पानं. रहस्यकथेचं शेवटचं पान नसणं फार वाईट!
पिवळेपणाला घाबरू नका. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं. तुरटी घालून केलेल्या कागदात आम्ल असतं, त्याने कागद हळूहळू ठिसूळ होतो. पानांच्या कडांचे तुकडे आपोआप गळत असतील तरच दोनदा विचार करा.
वासही घ्या. जुन्या कागदाचा गोडसर वास कागद विघटित होताना निघणाऱ्या वायूंचा असतो, त्यात व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिनही असतं. कुबट, ओलसर वास मात्र बुरशीचा. असं पुस्तक कितीही हवंहवंसं वाटलं तरी कपाटात आणू नका, शेजारच्या पुस्तकांनाही लागण होते.

रानवाट: आणि कसर? घरात आधीच भरपूर पुस्तकं आहेत, तीच भीती वाटते.

कपाटभर: नवं आलेलं जुनं पुस्तक थोडे दिवस वेगळं ठेवा, पानांच्या घड्यांत भुसा, बारीक भोकं, अंडी दिसतात का ते बघा. शंका आली तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, उणे अठरा-वीस अंशांवर, आठवडा-दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर दव धरतं. कसरीला खळ आणि दमट जागा आवडते, म्हणून कपाट भिंतीपासून थोडं पुढे असू द्या. कातडी बांधणीच्या किंवा दुर्मिळ प्रतीवर हा प्रयोग नको, जाणकाराला दाखवा.
एकोणिसाव्या शतकातलं झगझगीत हिरव्या कापडाचं पुस्तक मिळालं तर हातमोजे घाला आणि मुलांपासून लांब ठेवा. तेव्हाच्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक असायचं.

समास: आणि त्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. मी तर पहिल्या पानावर कुणीतरी भेट देताना हाताने लिहिलेली ओळ असलेली प्रत मुद्दाम निवडतो.

जुनीबांधणी: इथे माझं मत वेगळं. कवितासंग्रहात खुणा चालतात, पण शाईने रंगवलेली पानं मला वाचूच देत नाहीत. प्रत घेण्याआधी मधली पानंही चाळा.

रानवाट: मग आधी छपाईच्या तपशिलांचं पान, मग कणा, मग वास. उद्या एक जुना प्रवासवर्णनांचा संग्रह बघायला जाणार आहे. त्यात नकाशे जागेवर आहेत का, तेही बघते.