मालिकेतल्या लोकांचं काम आपल्याला कधी दिसत काहून नाही?

वावरातली_बाभूळ

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे, सात वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत आमचे शिपाई काका अन् मी मोबाइलवर 'पंचायत' पाहतो, ती प्राइमवरची, 2020 ला पहिला सीझन आला होता ती. पहिल्याच भागात तो सचिव रुजू व्हायला येतो अन् ऑफिसच्या कुलपाची किल्लीच सापडत नाही, तेव्हा काका डबा सोडून उभे झाले, म्हणे पोरी हे त आपलंच ऑफिस दाखवून रायले. कथा यूपीच्या गावची, शूटिंग मध्य प्रदेशात सीहोरकडचं, पण सरपंच बाई अन् कारभार नवऱ्याच्या हाती हे आम्हाला कोणी सांगायची गरजच नाही. आमच्याकडे 2011 पासून पंचायतीत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे. आमच्या सरपंचताई पहिलं वर्षभर नुसत्या सही करून जायच्या, आता नमुना 8 चा उतारा, म्हणजे घराच्या कर आकारणीची नोंद, स्वतः वाचतात अन् घरपट्टी कोणाची किती बाकी आहे ते मला विचारतात, अन् ताईंनी खुर्ची पुढं ओढून ते रजिस्टर पहिल्यांदा स्वतःकडे फिरवलं तो दिवस मी विसरणार नाही.

मग रात्री घरी आईसोबत मराठी मालिका लागते. नायिका रोज ऑफिसला जाते, लॅपटॉप उघडते, कोणीतरी येऊन सासूबद्दल सांगतं, ती लॅपटॉप बंद करते. सहा महिने पाहून रायली मी, ती कंपनी बनवते काय ते अजून कळलं नाही. अन् आपली वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो ड्रायव्हर नाहीतर हसवणारा. मनापासून विचारते, तुम्ही जे काम करता ते खरंखुरं कुठं पाहिलं का हो पडद्यावर?

गंजीवाला

ताई लय चांगला विषय काढला. मी हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढते त्या कारखान्यात, ग्रेडर आहे, कापसाची प्रत पाहतो. कापूस म्हटलं की पिक्चरवाल्यांना पांढरं वावर दिसते अन् त्यात गाणं. गाडी खाली होते तिथं, गंजीजवळ उभा असलेला माणूस मी अजून कोण्या पिक्चरमधे पाहिला नाही. काम कसं चालते सांगतो. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्याच्या चिमटीत धागा ओढून लांबी पाहायची, कवडी म्हणजे खराब, पिवळा पडलेला कापूस किती, पत्ती म्हणजे वाळक्या पानाचा कचरा किती ते पाहायचं, मग ओलावा मोजायच्या मशीनची सुई ढिगात खुपसायची. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांच्या वर गेला की दर कापल्या जाते, अन् 12 च्या वर असला त माल घेतच नाही. मशीनवर आकडा येईपर्यंत दोन-तीन सेकंद लागत असतील, तेवढ्या वेळात शेतकरी मशीनकडे पाहतच नाही, तो माझ्या तोंडाकडे पाहते. रात्री तीन वाजतापासून गाडी लाईनीत लावून बसलेला असते बापा तो. मागच्या डिसेंबरात एका म्हाताऱ्या बाबाचा कापूस 13 निघाला, मला आकडा बोलवेना, मी म्हटलं बाबा थोडं ऊन दाखवा अन् उद्या आणा, तं तो म्हणे गाडीभाडं कोण देईन. मालिकेत सून पडली की तीन वेळा झूम करतात, तेवढा वेळ कोणी या बाबाच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवावा एवढंच म्हणणं आहे माझं.

उपकेंद्र_सिस्टर

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी एएनएम आहे, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली नर्स, पाच गावं माझ्याकडे, दिवसभर लसीकरण, गरोदर बायांची नोंद, रजिस्टर वेगळं अन् ॲपमध्ये तेच पुन्हा वेगळं. संध्याकाळी सातला घरी आल्यावर मला पडद्यावर परत रजिस्टर पाहायचं नाही, मला चांगल्या साड्या पाहायच्या आहेत, भरलेलं घर पाहायचं आहे, डोकं शांत ठेवायचं आहे, त्यात चूक काय? माझी सासू दिवसभर निंदण करून येते, पाय चेपत चेपत मालिका पाहते, तिला त्या अर्ध्या तासात वावर आठवायचं नाही. आणि भाषेचं म्हणाल तर भारत गणेशपुरे 'चला हवा येऊ द्या'मध्ये बोलायला लागले तेव्हापासून पुण्याला ट्रेनिंगला गेलं की तिकडच्या सिस्टर लोकं स्वतः होऊन म्हणतात, तुमची भाषा गोड आहे हो, बोला ना. आधी मी तिथं तोंड दाबून बसत होती. हसवलं म्हणून काही बिघडलं नाही, मला तर त्यांचे आभारच मानावे वाटतात.

डबल_बेल

सिस्टर तुमचं पटते पण अर्धं. आपल्या भाषेत कोणी न हसवता पण बोललं आहे, 2009 चा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा, सतीश मनवरचा. किसना पेरते, पाऊस दगा देते, पुन्हा पेरते, अन् शेजारच्यानं जीव दिला म्हणून बायकोच्या मनात भीती बसते अन् ती लेकराले बापावर लक्ष ठेवायले सांगते. पूर्ण पिक्चर वऱ्हाडीत. मी एसटीत कंडक्टर आहे, माझं स्वतःचं वावर पण आहे दीड एकर, दुबार पेरणी मी केली आहे, बियाण्याची दुसरी बॅग उधारीवर आणताना दुकानदार काय नजरेनं पाहते ते मला माहीत आहे, म्हणून तो पिक्चर मी एका बैठकीत पाहू शकलो नाही.

माझ्या कामाचं म्हणाल तं पिक्चरमधला कंडक्टर फक्त घंटी वाजवते. आधी तिकिटाचा ट्रे होता, पंच कटकट वाजवत गर्दीतून जायचं, आता मशीन आहे. मार्च 2023 मधे बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून आठवडी बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नाही. एक आजी आहे, 75 च्या वर, तिला पूर्ण फुकट आहे, तरी प्रत्येक वेळी कनवटीचे पैसे काढून हातात धरून बसते. मी म्हणतो आजी नाही लागत, ती म्हणते राहू दे रे लेका, हिशोब बरोबर पाहिजे. रोज डोळ्यानं पाहतो मी हे.

धानपट्ट्यातला

गडचिरोलीतल्या वडसा साईडनं लिहून रायलो. सिस्टर, थकलेल्या माणसाले स्वतःचं जगणं पाहायचं नसते असं म्हणता, पण आमच्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, झाडीपट्टीचं नाटक पाहा. दिवाळीनंतर सुरू होते, दिवसभर धानाची कापणी-मळणी करून लोकं रात्री दहाले बोऱ्या, घोंगड्या घेऊन मंडपात येऊन बसतात अन् पहाटेपर्यंत उठत नाही. नाटकात काय असते, भावाभावाची वाटणी, दारू, पोरीचं लग्न, म्हणजे आपल्याच घरातलं. बाया पदर तोंडाले लावून रडतात अन् सकाळी पुन्हा बांधीत उतरतात. पण ताईचा प्रश्न कामाचा होता, तं खरं सांगतो, त्या नाटकातही धान कापताना कोणी दिसत नाही, वाटणी दिसते पण ज्या जमिनीची वाटणी आहे तिच्यातलं काम दिसत नाही. हे मले आज तुमचं वाचून पहिल्यांदा ध्यानात आलं.

वावरातली_बाभूळ

सगळ्यांचे खूप खूप आभार. सिस्टर, तुमच्यावर राग कायचा, आईला विचारलं मी काल, तिनंही तुमच्यासारखंच सांगितलं, साड्या पाहू दे मले. तरी माझा हट्ट आहे तो आहेच. मी एक प्रसंग सांगते. केवायसीसाठी अंगठा लावायला बाया येतात, कापूस वेचून वेचून बोटं अशी झिजलेली असतात, बोंडाचे काटे टोचून चिरा पडलेल्या, मशीन अंगठा घेतच नाही. मग ती बाई पदरानं अंगठा पुसते, पुन्हा लावते, मग दुसरं बोट, मग तोंडाची वाफ देते, अन् मशीन लालच्या लाल. मागे लाईन लागलेली, ती माझ्याकडे पाहून म्हणते, माहंच चुकलं का ओ बाई? मी ड्रॉवरमध्ये खोबरेल तेलाची बाटली ठेवली आहे आता, रात्री झोपताना लावा म्हणून थोडं काढून देते, दोन-तीन दिवसांनी या म्हणते. काही जणींचा उठतो त्यानंतर.

गंजीवाले भाऊ, तो 13 वाला बाबा दुसऱ्या दिवशी आला होता का परत?

गंजीवाला

नाही आला ताई. दोन दिवस गेटवर नजर ठेवून होतो मी. गावातच खेडा खरेदीवाल्याले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याले, देऊन टाकला असन.