मदत हवी आहे: 'नीड' आणि 'डेअर'चं नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी. भाची ९वीत आहे, तिला इंग्रजी व्याकरण शिकवताना मीच अडकलोय. कॅन, मस्ट या मोडल (सहाय्यक) क्रियापदांचं सोपं आहे: पुढे साधं क्रियापद, 'टू' नाही, 'एस' नाही. पण नीड आणि डेअर अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. 'ही नीड नॉट गो' बरोबर, 'ही डझन्ट नीड टू गो' पण बरोबर! मात्र 'ही नीड गो' चूक. म्हणजे मोडलसारखं वागणं मुख्यतः नकारात आणि प्रश्नात, एवढं कळलं.

खरी गोची भूतकाळात. 'आय डिडन्ट नीड टू गो' म्हणजे जायची गरज नव्हती; गेलो की नाही, ते उघड होत नाही. 'आय नीडन्ट हॅव गॉन' म्हणजे गेलो, पण हेलपाटा फुकट. मराठीत आपण दोन्हीला 'जायची गरज नव्हती' म्हणतो, त्यामुळे भाची विचारते, "मामा, फरक कुठाय?" दुसऱ्यासाठी 'नसतो गेलो तरी चाललं असतं' असं सांगितलं तर चालेल का?

आणि 'यूज्ड टू'चा नकार लिहिताना 'डिडन्ट यूज टू', म्हणजे 'डी' गाळायचा ना? ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं हो. शिकवणारं कुणी असेल तर जरा सांगा, शनिवारी तिची चाचणी आहे.