१३ भागांच्या मालिकेचं पोस्टचं (चित्रीकरणानंतरच्या कामाचं) बजेट कसं काढायचं?

फोंडेकर_१३:
मराठी मालिका, १३ भाग, प्रत्येकी २२ मिनिटं. चित्रीकरण गोव्यात, फोंडा आणि सांखळीच्या आसपास, जूनपासून. स्टुडिओ मिनिटाला अमुक असा पॅकेज दर सांगतात. तो धरावा का? डिस्क किती लागतील?

कात्रीवाला:
मिनिटाचा दर मान्य करू नका, दिवस मोजा. एका भागाला संकलन ५, साउंड ३, कलर १ आणि डिलिव्हरीला अर्धा, म्हणजे साडेनऊ. १३ भागांचे साधारण १२४ दिवस. पहिल्या दोन भागांना दुप्पट धरा, कारण टायटल, कलरचा लूक, पार्श्वसंगीत सगळं तिथंच ठरतं. झाले १४३. दर करासह आहे की वेगळा, तेही विचारा. १८ टक्के जीएसटी शेवटी अंगावर येतो.

करारात दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच लिहा आणि पिक्चर लॉकवर, म्हणजे यापुढे कापाकापी नाही असं ठरतं तिथं, निर्मात्याची सही घ्या. लॉकनंतर एक सीन १२ फ्रेमनं, म्हणजे अर्ध्या सेकंदानं जरी कापला, तरी तिथून पुढचा साउंड, संगीत, सबटायटल सगळं सरकवावं लागतं. पैसा तिथं गळतो.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. कॅमेरा १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल, तर तासाला ४५ जीबी. ८ मिनिटं शूट करून १ मिनिट वापरलं, तर एकूण ३८ तास, म्हणजे १.७ टीबी. २ टीबीच्या डिस्कवर प्रॉक्सीला, म्हणजे संकलनासाठीच्या हलक्या प्रतींना, फारशी जागा उरत नाही. ४ टीबीच्या तीन घ्या, तिसरी दुसऱ्या घरात ठेवा. वीज जाते तेव्हा कॉपी अर्धवट राहते, म्हणून यूपीएस हवाच. कॉपीनंतर चेकसम (मूळ फाइल आणि कॉपी तंतोतंत एक आहेत का ते तपासणारा आकडा) जुळल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही.

बूम_खाली_घे:
जून म्हणालात म्हणून सांगतो: पत्र्याच्या छपराखाली पावसात संवाद घेतलात तर सगळं डबिंग. भागामागे दोन दिवस वाढवा, कलाकारांच्या तारखा वेगळ्याच. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा दोन वाक्यांच्या मधे आला तर कापून तिथं रूम टोन, म्हणजे त्या जागेची नुसती शांतता, भरता येतो, शब्दावर आला तर इलाज नाही. प्रत्येक जागी पंखा बंद करून, सगळ्यांना गप्प उभं करून १ मिनिट रूम टोन घ्या. फुकट आहे, तरी कुणी घेत नाही!

मोबाइलचे शॉट २५ फ्रेमला लॉक करा. नुसत्या ३०वर ठेवले तर पॅन (कॅमेरा आडवा फिरवलेला शॉट) झटके मारतं, आणि फ्रेमरेट बदलता राहिला तर ओठ नि आवाज हळूहळू सुटत जातात.

फोंडेकर_१३:
पुढं कोंकणीतही करायचा विचार आहे. तो खर्च आत्ताच धरू?

बूम_खाली_घे:
डबिंगचा नको, पण एम अँड ई (म्युझिक अँड इफेक्ट्स) ट्रॅकचा धरा. मिक्सच्या वेळीच संवाद सोडून बाकी आवाज वेगळा काढून घ्या. नाहीतर नंतर मिक्सची १३ सेशन पुन्हा उघडावी लागतील. संवादाबरोबर पावलांचे, भांड्यांचे आवाज गेले तर ते फोलीत, म्हणजे स्टुडिओत हातानं, नव्यानं करावे लागतात, त्याला भागामागे एक दिवस. आणि चॅनलचं डिलिव्हरी पत्रक आधी मागवा. आर-१२८ (आवाजाच्या पातळीचं युरोपीय प्रसारण मानक) असेल तर उणे २३ एलयूएफएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक. यूट्यूबसाठी उणे १४ला केलेला मिक्स तसाच पाठवला की परत येतो.

फोंडेकर_१३:
देव बरें करूं. पत्र्याचं घर रद्द, कौलारू बघतो.

कात्रीवाला:
कौलांवरही पाऊस वाजतो, बाब. घरातले सीन ऑक्टोबरात ढकला.