मदत हवी आहे: महापालिकेला व्हीव्हीपॅट मागायचं, पण नेमकं कुणाकडे?

नमस्कार मंडळी. सिडकोतल्या आम्ही पाच-सहा जणांनी नाशिक महापालिकेच्या मतदानालाही व्हीव्हीपॅट (आपलं मत कुणाला गेलं ते छापील चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र) जोडावं, असं निवेदन द्यायचं ठरवलंय. विधानसभेला चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि प्रत्येक मतदारसंघात ५ यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकड्यांशी ताळा घेतात. महापालिकेला मात्र बटण दाबा, बीप ऐका, घरी या.

एका कार्यालयात चौकशी केली, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्याकडे! मग स्वतःच वाचायला बसलो. सर्वोच्च न्यायालयाचा व्हीव्हीपॅटबद्दलचा २०१३ चा निकाल वाचला. चिठ्ठीची तरतूद १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे, पण ते नियम लोकसभा-विधानसभेचे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू. इथे गाडी अडली.

बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला अनेक मतं द्यावी लागतात, त्यामुळे हे यंत्र बसत नाही, असंही ऐकवलं गेलं. ते तांत्रिक कारण किती खरं, हे जाणकारांनी सांगितलं तर बरंच.

मतपत्रिका हवी की यंत्र, हा वाद कृपया इथे नको. १०० टक्के चिठ्ठ्या मोजण्याची मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली, तेही माहीत आहे. कोर्टात जाण्याइतके पैसे नाहीत.

तर, राज्य आयोग स्वतःच्या आदेशाने व्हीव्हीपॅट लावू शकतो, की आधी राज्य सरकारने कायदा किंवा नियम बदलायला हवेत? आणि निवेदनात नेमकं कुठलं कलम लिहायचं?