ऑपरेशनची तारीख मेसेजवर कळवली तर पेशंट वेळेवर पोचेल का?

अक्कलकोटकर:
माझी मावशी अक्कलकोटकडं खेड्यात राहते, विड्या वळते. तिचं हर्नियाचं ऑपरेशन सोलापुरात ठरलेलं, पहाटेच्या यष्टीनं निघाली आणि निघताना चहा-भाकरी खाल्ली, इथं आल्यावर कळलं की उपाशी यायचं होतं, मग तारीख पुढं गेली. सूचना मेसेजमध्ये होती म्हणे, पण मेसेज गेला पोराच्या मोबाईलवर आणि पोरगा पुण्यात कंपनीत! आता आम्ही गावातली पोरं असे पेशंट दवाखान्याशी मोबाईलवर जोडून द्यायचं बघतोय, कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

आशाताई, मंगळवेढा:
नंबर कुणाचा दिलाय ते आधी बघा, निम्म्या घरात फोन एकच असतो आणि तो कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. मी पेशंटसोबत माझा पण नंबर लिहायला लावते. आणि लिहून पाठवू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तुमच्याकडं तर कन्नडमध्ये पण लागेल. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा नाहीतर १५५३८८ ला फोन लावा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

वॉर्डातली सिस्टर:
उपाशी म्हणजे किती तास, पाणी चालतं का, बीपीची गोळी घ्यायची का, शुगरची बंद ठेवायची का, हे सगळं आदल्या संध्याकाळी फोन करून सांगावं आणि पेशंटकडनं परत वदवून घ्यावं, नुसत्या निळ्या टिकेवर विश्वास नको. घरी गेल्यावर टाक्यांचा फोटो उजेडात काढून डॉक्टरांना पाठवला तर बरं पडतं, पण पू, ताप किंवा सूज वाढत असेल तर फोटोच्या उत्तराची वाट बघत बसू नका, लगेच या. आणि कुणाचे फोटो-रिपोर्ट गावच्या ग्रुपवर अजिबात टाकू नका, बाईमाणसाचं तर नाहीच.

एसटीनं फिरणारा:
टांझानियात दार-ए-सलामला सीसीबीआरटी म्हणून हॉस्पिटल आहे. अडलेल्या बाळंतपणात फिस्टुला, म्हणजे आतून भोक पडून, ज्या बायकांची लघवी सतत गळते त्यांच्यासाठी त्यांनी २००९ पासून एम-पेसावर, म्हणजे मोबाईलवरनं पैसे पाठवायच्या सोयीनं, गाडीभाडं पाठवायला सुरुवात केली. गावातला माणूस पेशंट शोधून फोन करायचा, पैसे त्याच्या मोबाईलवर यायचे, तो तिकीट काढून बाईला गाडीत बसवायचा आणि ती पोचली की त्यालाही थोडे पैसे मिळायचे. ऑपरेशन फुकट असून सुद्धा भाड्यावाचून बायका घरी बसायच्या हो! तुमच्या ग्रुपात तिकिटाचे पैसे कोण देणार ते आधी ठरवा.

अक्कलकोटकर:
भाड्याचं डोक्यातच नव्हतं. मावशीच्या नव्या तारखेला मी स्वतः जाऊन तिला घेऊन येतो, आदल्या रात्री गावच्या आशाताईंना फोन लावून ठेवतो.