शब्दचर्चा : ‘राउटिंग’ आणि ‘ब्रिजिंग’

प्रश्न (खानापूर तालुका) : आमच्या घरी तळमजल्यावर फायबरची पेटी असून माडीवर दुसरा राउटर बसवला आहे. माडीवर इंटरनेट चालते, परंतु खालचा प्रिंटर तेथील संगणकाच्या यादीत दिसत नाही. जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी ‘वरचा राउटर ब्रिज माडरी’ (कन्नड ‘माडरी’ म्हणजे ‘करा’) एवढेच सांगितले. ब्रिज म्हणजे सेतू, मग सेतू नसतानाही वर इंटरनेट कसे पोहोचते?

उत्तर (बेळगाव) : आपला गोंधळ ‘सेतू’ या प्रतिशब्दातून आला आहे. नदीवर सेतू बांधला तरी दोन काठ वेगळेच राहतात. जाळ्यातील, म्हणजे नेटवर्कमधील, ब्रिज मात्र दोन तुकड्यांचे मिळून एकच जाळे करतो. काठ वेगळे ठेवून पलीकडे माल पोहोचवण्याचे काम ज्याला म्हणावे, ते खरे तर राउटिंग होय. म्हणून ब्रिजिंगसाठी ‘सांधणी’ आणि राउटिंगसाठी ‘मार्गनिवड’ हे शब्द मला अर्थाला अधिक जवळचे वाटतात.

फरक पत्त्यांत आहे. ब्रिज ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राच्या जोडणीचा ओळखक्रमांक, पाहतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टच्या, म्हणजे तार लावायच्या खाचेच्या, बाजूला आहे हे तो येणाऱ्या संदेशांवरून शिकत जातो, आणि ठाऊक नसलेल्या पत्त्याचा संदेश आला की तो आलेले पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांवर पाठवतो. मॅक पत्त्यावरून यंत्राचा निर्माता बहुधा कळतो, ते यंत्र कोठे आहे हे कळत नाही. जाळ्यातील जागा सांगणाऱ्या आयपी पत्त्याची रचना मात्र पिनकोडसारखी असते : ५९१२३७ वाचून निपाणी कळण्याआधीच, ४१ ऐवजी ५९ पाहून, टपाल कोल्हापूरकडे जायचे नाही हे ठरते. राउटर याच रीतीने पत्त्याचा पुढचा भाग पाहून, आपल्या तक्त्याप्रमाणे पुढचा टप्पा निवडतो, संदेशावर नवे मॅक पत्ते घालतो आणि त्याच्या आयुर्मर्यादेतून, म्हणजे टीटीएलमधून, एक वजा करतो. ब्रिज यांपैकी काहीच करत नाही, आणि म्हणूनच ब्रिजांचे चुकून वर्तुळ झाले तर संदेश त्यात फिरतच राहतात. जादा वाटा बंद ठेवून असे वर्तुळ मोडणारा स्पॅनिंग ट्री हा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत असताना शोधला.

आता आपल्या प्रिंटरचे पाहू. ‘येथे प्रिंटर आहे का?’ अशी हाक संगणक सर्वांना उद्देशून देतो, आणि अशी हाक राउटर सहसा ओलांडू देत नाही. प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने दिला तर माडीवरून छपाई बहुधा होईल, कारण वाट बंद नसून केवळ हाक अडते. मात्र दोन्ही राउटरांनी १९२.१६८.१ ने सुरू होणारी पत्त्यांची एकच मालिका धरली असेल, तर तेही जमणार नाही. कायमचा उपाय म्हणून वरच्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी, त्याला खालच्या मालिकेतील मोकळा पत्ता द्यावा आणि खालून आलेली तार वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरच्या जाळ्याच्या) पोर्टात लावावी.

प्रश्न (निपाणी) : मग घरातल्या पेटीला राउटर म्हणणे चूक आहे का?

उत्तर (बेळगाव) : चूक नाही, अपुरे आहे. त्या पेटीत लॅनची पोर्टे आणि वायफाय एकत्र सांधलेले असतात, आणि त्या सांधलेल्या भागाची वॅनशी गाठ राउटिंगने पडते. राउटरवर चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत सांधलेल्या भागाचे नावच ‘बीआर-लॅन’ आहे, त्यातील ‘बीआर’ ब्रिजचे. अनेक खासगी पत्ते एका सार्वजनिक पत्त्याआड झाकणारे नॅट हे तिसरेच काम असून, ते एकाच पेटीत होते म्हणून लोक त्यालाही राउटिंग समजतात.

आपल्या भागात मराठी ग्राहक आणि कन्नड तंत्रज्ञ दोघेही ‘ब्रिज मोड’ हाच शब्द वापरतात, परंतु त्याचे निदान तीन अर्थ चालतात. दुसरा राउटर सांधून घेणे हा एक. दोन इमारती वायरलेस दुव्याने जोडणे हा दुसरा. फायबरच्या पेटीचे राउटिंग बंद करून ते काम आपल्या राउटरकडे देणे हा तिसरा, आणि तेथे शब्दाची गफलत महागात पडते : पीपीपीओई, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या, जोडणीत पेटी ब्रिज केली की लॉगिन आपल्या राउटरनेच करावे लागते, म्हणून त्याचे नाव आणि पासवर्ड पुरवठादाराकडून आधी लिहून घ्यावेत.